मेणाची बाहुली, भुशाची बाहुली : गॅदरिंगसाठी फ्रान्स गालचं कुठलं गाणं निवडू?

मुकी_अक्षरं

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नववी-दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. जानेवारीत गॅदरिंग आहे. परवा नववीतली एक मुलगी आपण होऊन आली आणि म्हणाली, "मॅम, मला फ्रान्स गालचं गाणं म्हणायचंय." मला इतका आनंद झाला की विचारू नका. एरवी आमच्याकडे मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. कुठलं गाणं, असं विचारलं तर म्हणाली, "ते लॉलिपॉपचं." पोटात गोळाच आला.

कारण हे माझ्याबाबतीत एकदा घडून गेलंय. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः फ्रेंचच्या क्लासला जात होते. वार्षिक कार्यक्रमासाठी मीही हेच गाणं निवडलं होतं, 'ले स्युसेत'. छोटी वाक्यं, सोपे शब्द. आनी नावाच्या मुलीला बडीशेपेच्या चवीचे लॉलिपॉप आवडतात, एवढीच गोष्ट. आईच्या जुन्या साडीचा फ्रॉक शिवून घेतला, पाठांतर चोख केलं. रंगीत तालमीत दोन कडवी झाली आणि समोर बसलेले दोन पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. आमच्या मॅडम लालबुंद. "उच्चार छान आहेत, पण आपण दुसरं गाणं बघू." का, ते कोणी सांगितलं नाही. मला वाटलं माझा 'र' चुकला. घरी जाऊन आठवडाभर गुळण्या केल्यासारखा 'र' घोटला.

बऱ्याच वर्षांनी नेटवर वाचताना त्या लॉलिपॉपचा दुसरा अर्थ कळला. खोलीत एकटी होते तरी कान तापले.

आणखी वाचलं तेव्हा समजलं की १९६६ साली जिने हे गाणं म्हटलं तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. ती अठरा वर्षांची. गाणं लिहिणारा सर्ज गेंझबूर अडतीसचा. आजूबाजूच्या मोठ्या माणसांना सगळं माहीत, फक्त गाणारीला नाही.

तर प्रश्न असे. एक, दुसरं कुठलं गाणं देऊ? दोन, 'हे नको' म्हणताना त्या मुलीला कारण सांगू का? ती चौदा वर्षांची आहे. आणि खरं सांगायचं तर तिसरी एक खदखद आहे. फ्रान्स गाल मला फार आवडते, पण ही बाई कायम कोणाच्या तरी लेखणीची कळसूत्री बाहुलीच राहिली असं वाटतं. आधी वडील, मग गेंझबूर, मग नवरा. तुम्हाला काय वाटतं?

तळ्यात_मळ्यात

पहिला! वाचतोय.

भुसावळ_पॅसेंजर

फ्रान्स गाल म्हणजे फ्रान्सचा गाल का? की शिवी आहे?

मुकी_अक्षरं

@भुसावळ_पॅसेंजर, फ्रेंच गायिका आहे हो, गाल हे आडनाव. आणि 'फ्रान्स' हे खरं नाव नाही. जन्माचं नाव इझाबेल. ९ ऑक्टोबर १९४७, पॅरिस. पण इझाबेल ओब्रे नावाची गायिका आधीच प्रसिद्ध होती, १९६२ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांमधली गाण्यांची स्पर्धा, जिंकलेली. दोन इझाबेल नकोत म्हणून रेकॉर्ड कंपनीने नाव बदललं. तिला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. बघा, नावापासूनच दुसऱ्यांचा कारभार.

रेडिओ_दुरुस्ती

ताई, धागा झकास. माझ्याकडे तिच्या दोन जुन्या तबकड्या आहेत. एका मित्राने पाँडिचेरीच्या जुन्या बाजारातून आणून दिल्या, कव्हरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. साठच्या दशकात फ्रान्समध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी यायची, त्यात दोन नाही तर चार गाणी, आणि वर जाड पुठ्ठ्याचं फोटोवालं कव्हर. पोरं खाऊच्या पैशांतून घ्यायची. त्या लाटेला नाव पडलं 'ये-ये', इंग्रजी गाण्यांतल्या 'या या'वरून. १९६३ साली समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी एका वर्तमानपत्री लेखात तो शब्द वापरला आणि तो चिकटला.

आता तुमच्या शीर्षकाबद्दल. 'पुपे द सीर, पुपे द सों' हे तिचं १९६५चं गाणं. गेंझबूरचंच. 'सीर' म्हणजे मेण. 'सों' म्हणजे कोंडा किंवा भुसा, जो जुन्या बाहुल्यांच्या पोटात भरत. पण 'सों' म्हणजे आवाजही. आणि पूर्वी ध्वनिमुद्रण मेणावर व्हायचं, त्यामुळे तबकडीला मेण म्हणायची पद्धत होती. म्हणजे एकाच ओळीत मेणाची-भुशाची बाहुली आणि तबकडीतली-आवाजाची बाहुली. मराठीत हे आणायला गेलात तर हात टेकाल. मी 'नादाची बाहुली' करून पाहिलं, पण त्याला भलताच वास येतो.

गंमत अशी, की या गाण्यातली बाहुली प्रेमाची गाणी गाते आणि तिला स्वतःला प्रेमातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तिचीच टिंगल. आणि तिने ती इतकी गोड म्हटली की बक्षीस मिळालं.

मुळशीकर

युरोव्हिजनबद्दल भर घालतो. २० मार्च १९६५, नेपल्स. ही 'फ्रान्स' गात होती लक्झेंबर्गच्या वतीने! ३२ गुण, पहिली. ब्रिटन दुसरं. खुद्द फ्रान्सचा गायक तिसरा. म्हणजे आपला खेळाडू शेजारच्या चिमुकल्या राज्याकडून रणजी खेळला आणि आपल्यालाच हरवून आला.

क्रेप_नको_घावन_दे

त्या रात्रीची एक गोष्ट फ्रेंच लोक अजून सांगतात. तेव्हा तिचा मित्र होता क्लोद फ्रांस्वा, स्वतः मोठा स्टार. जिंकल्यावर हिने त्याला फोन केला तर कौतुक राहिलं बाजूला, पलीकडून आरडाओरडा. मत्सर, दुसरं काय. जिंकल्यानंतर ती रडते ते आनंदाने नव्हे, असंही म्हणतात.

१९६७ला दोघं वेगळे झाले. मग क्लोदने उसवत चाललेल्या नात्यावर एक गाणं केलं, 'कोम दाबित्युद', म्हणजे 'नेहमीसारखंच'. चाल झाक रेव्होची, शब्दांत जील तिबो आणि तो स्वतः. पॉल अँकाने त्यावर इंग्रजी शब्द लिहिले आणि १९६९मध्ये फ्रँक सिनात्राने ते जगभर नेलं. 'माय वे'!

भुसावळ_पॅसेंजर

काय सांगता! आमच्या साहेबांच्या निवृत्तीच्या पार्टीत ते गाणं लावलं होतं. म्हणजे ते मूळचं ब्रेकअप साँग?

क्रेप_नको_घावन_दे

मूळचं अंथरुणातून उठून 'नेहमीसारखंच' तोंड फिरवलेल्या माणसाचं. आयुष्य आपल्या मर्जीने जगलो वगैरे ऐट त्यात औषधालाही नाही. साहेबांना सांगू नका.

वायरमन_बापू

तो क्लोद फ्रांस्वा म्हणजे बाथटबमध्ये उभा राहून भिंतीवरचा दिवा सरळ करायला गेला आणि शॉक लागून गेला, तोच ना? १९७८चा मार्च. आमच्या धंद्यात हे उदाहरण देतो मी. ओल्या अंगाने, पाण्यात पाय ठेवून कुठल्याही फिटिंगला हात लावायचा नाही. घरात ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आजच बसवून घ्या, आणि गिझरचं अर्थिंग तपासा. अर्थिंगची वायर नुसती लोंबकळत ठेवलेली निम्म्या घरांत सापडते मला.

तळ्यात_मळ्यात

धागा फ्रान्समधून न्हाणीघरात गेलेला आहे. कृपया परत आणा.

आल्याचा_चहा

मी आणते. मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे.

'स्वतः लिहिलं नाही म्हणून बाहुली' हा निकष आपण कधीपासून लावायला लागलो? पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, दात्यांचा गळा. अरुण दाते कोणाची बाहुली होते? आपल्याकडे अख्खं भावगीत या तिघांच्या वाटणीवर उभं आहे. गाणाऱ्याचं काम गाणं. शब्दांत जीव घालणं हे काय कमी आहे? फ्रेंचांकडे स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याला भारी मान, जाक ब्रेल, जॉर्ज ब्रासांस वगैरे गायक मंडळींमुळे. नुसत्या गाणाऱ्याला ते जरा खालच्या पाटावर बसवतात. तो त्यांचा पाट, आपण कशाला उचलून आणायचा?

शून्य_प्रहर

+१. टाळ्या.

रेडिओ_दुरुस्ती

@आल्याचा_चहा, अर्धं पटलं. पण दात्यांना शब्दांचा अर्थ माहीत होता. इथे गाणारीला अंधारात ठेवलं. फरक तिथे आहे. गायकाने गीतकारावर विश्वास टाकायचा असतो, तो सौदाच आहे. गेंझबूरने त्या विश्वासावर विनोद केला, आणि टीव्हीवर तिच्यासमोर हसत बसला. तिने पुढे सांगितलंय की अर्थ कळल्यावर आजूबाजूच्या मोठ्यांनी फसवल्यासारखं वाटलं, घराबाहेर पडावंसं वाटेना.

त्याची प्रतिभा नाकारत नाही मी. 'लेस तोंबे ले फीय' ऐका, १९६४चं. पोरीबाळींना फिरवणाऱ्या पोराला बजावलंय की एक दिवस रडशील. दोन मिनिटांत जॅझचं असं टणक काम. संयोजन आलाँ गोरागेरचं. त्या गाण्यात ती कोणाची बाहुली वाटत नाही, चिमटा काढते.

निऑन_पिवळा

तेच गाणं ना जे इंग्रजीत 'चिक हॅबिट' झालं? टॅरँटिनोच्या 'डेथ प्रूफ'च्या शेवटी आहे. एप्रिल मार्चने म्हटलंय. मला वाटायचं तेच मूळ. आज अब्रू गेली.

खलबत्ता

जरा उलटी बाजू मांडतो, हलके घ्या.

ही काही गरिबाघरची पोर नव्हे. बाप रोबेर गाल गीतकार, गायक अझनावूरच्या 'ला मामा' गाण्याचे शब्द त्याचे. आईचे वडील पोल बेर्तिए हे 'लाकडी क्रूसाचे बालगायक' या नावाजलेल्या मुलांच्या गायकवृंदाच्या संस्थापकांपैकी, १९०७ची गोष्ट. बापाने स्वतः पोरीची टेप प्रकाशकाकडे नेली. सोळाव्या वाढदिवसाच्या दिवशी पहिलं गाणं रेडिओवर. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. बाहुली म्हणा, पण शोकेसमधली बाहुली म्हणा.

आल्याचा_चहा

वशिल्याने रेडिओवर जाता येतं, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात राहता येत नाही.

खलबत्ता

तेही खरं. पण बापानेच 'साक्रे शार्लमान्य' तिच्या गळ्यात मारलं ना? बालगीत. तिला नको होतं. वीस लाख प्रती खपल्या म्हणतात, मग बाप कशाला ऐकतो.

लियॉंची_आजी

मला बोलू द्या थोडं. मी २००९ पासून लेकीकडे लियॉंला असते. वय विचारू नका, पण फ्रान्स गाल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मादाम राहतात. माझं फ्रेंच बाजारापुरतं, त्यांचं इंग्रजी शून्य, तरी आमचं जमतं. ७ जानेवारी २०१८ला, रविवार होता, मी त्यांना तिळाच्या वड्या द्यायला गेले. संक्रांतीला अवकाश होता, पण तीळ भाजून झाले होते, म्हटलं पहिला घाणा देऊन यावा. बघते तर बाई टीव्हीसमोर रडताहेत. फ्रान्स गाल गेली. सत्तर वर्षांची. महिन्याभरापूर्वीच तो गायक जॉनी हालिडे गेला होता, तेव्हा त्यांनी नुसतं 'च्' केलं होतं. हिच्यासाठी मात्र रुमाल भिजवला.

मी शेजारी बसले. त्या दिवशी टीव्हीवर तिच्याशिवाय काही नव्हतं. आधी काळ्या-पांढऱ्यातली सोनेरी केसांची शाळकरी पोर, मग रंगीत चित्रात घामाघूम होऊन नाचणारी चाळिशीची बाई. मी मादामना खुणेने विचारलं, ही तीच? त्या म्हणाल्या, नाही, आणि हो. आणि मग ते शाळेचं गाणं गुणगुणायला लागल्या, शार्लमान्यचं. नातवंडांना हेच शिकवलंय म्हणाल्या. वडीचा तुकडा तोंडात, डोळ्यांत पाणी आणि टाळ्या वाजवत शाळेला शिव्या.

ताई, मला गाण्यातलं कळत नाही. पण बाहुलीसाठी कोणी असं रडत नाही हो.

मुकी_अक्षरं

आजी 🙏 तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तिरफळ

'साक्रे शार्लमान्य'च द्या ना मग गॅदरिंगला! शाळा कोणी काढली, त्या शार्लमान्यने, त्याचं वाटोळं होवो, असा आशय. मुख्याध्यापकांना फ्रेंच येत नाही ना?

मुकी_अक्षरं

@तिरफळ, येत नाही, पण आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्याचा मराठी सारांश छापतात. माझी नोकरी जाईल.

पाठभेद

एक किरकोळ दुरुस्ती. शार्लमान्य या मध्ययुगीन सम्राटाने शाळा 'शोधली' नाही. ७८९ सालच्या त्याच्या फर्मानात मठांनी आणि बिशपांनी मुलांना वाचायला शिकवण्याची सोय करावी असं आहे. त्याच्या आधीही शाळा होत्याच. बिचाऱ्याला स्वतःला लिहिणं धड जमलं नाही, उशाखाली पाट्या ठेवून सराव करायचा असं त्याचा चरित्रकार आइनहार्ट लिहितो.

भुसावळ_पॅसेंजर

म्हणजे माझ्यासारखाच. पुस्तक उशाखाली ठेवून झोपलो की पेपर सोपा जातो.

क्रेप_नको_घावन_दे

आता जरा लांबड लावतो, कारण धागा १९६६वरच अडकलाय आणि खरी फ्रान्स गाल पुढे आहे.

साठचं दशक सरलं आणि ही संपली. वीस-एकवीसची असताना. ६८चं विद्यार्थी आंदोलन झालं, पॅरिसच्या पोरांना आता लॉलिपॉप नको होता. कंपनी बदलली, गाणी पडत गेली. जर्मनीत मात्र चालत होती. तिथे जर्मनमध्ये गायची. १९६८ला 'डेर कॉम्प्युटर नुमर द्राय' नावाचं गाणं म्हणून स्पर्धेत तिसरी आली. विषय ऐका, संगणक क्रमांक ३ हिच्यासाठी योग्य मुलगा शोधून देणार! वधू-वर सूचक मंडळाचं संकेतस्थळ, तीसेक वर्षं आधी. पुण्यातल्या जर्मनवाल्यांनी नोंद घ्यावी.

मग १९७३. गाडीत रेडिओवर गायक-संगीतकार मिशेल बेर्जेचं गाणं ऐकलं आणि ठरवलं, गायचं तर याचंच. त्याला भेटली, निर्मात्याने दिलेली गाणी ऐकवली. त्याला ती काडीची आवडली नाहीत. पण हिच्यासाठी लिहायलाही तयार होईना. स्वतः दुखावलेला होता, त्याची प्रेयसी, गायिका वेरोनिक सांसों, त्याला सोडून अमेरिकेत गायक स्टीफन स्टिल्सकडे गेली होती. ही म्हणाली, तू किंवा कोणीच नाही. सहा महिने थांबली. १९७४ला 'ला देक्लारास्यों दामूर' आलं आणि ही दुसऱ्यांदा जन्मली. १९७६ला लग्न.

आता मला सांगा, बाहुली कारागीर निवडते का? इथे निवड तिची. यश नसताना, पैसा आटलेला असताना, कोणीही दिलेलं गाणं म्हणून पोट भरता आलं असतं. नाही म्हटलं. आवाज बघा, साठमधला नाकातला किनरा आवाज गेला आणि खाली, छातीत एक जागा सापडली. शब्द जणू शेजारी बसून सांगतेय. १९७८ला शॉंझेलिझेच्या नाट्यगृहात कार्यक्रम केला तर मंचावर बहुतेक सगळ्या बायका, वादकसुद्धा. 'स्टारमानिया' या रॉक ऑपेरात भूमिका. १९८०चं 'इल झुए द्यु पियानो दबू', उभं राहून पियानो वाजवणाऱ्याचं गाणं. ते ऐकून एल्टन जॉनला तिच्याबरोबर गावंसं वाटलं, दोघांनी गायलंही. आणि जुनी गेंझबूरची गाणी? कार्यक्रमांतून जवळजवळ हद्दपार. लोकांनी कितीही मागितली तरी लॉलिपॉप पुन्हा नाही.

शून्य_प्रहर

जे बात! हा स्वतंत्र लेख व्हायला हवा.

स्टेथो_आणि_सतार

बेर्जेचं खरं आडनाव माहीत आहे का? हँबर्गर. मिशेल हँबर्गर. हसू नका, वडील डॉ. झाँ हँबर्गर म्हणजे आमच्या मूत्रपिंडशास्त्रातलं दैवत. १९५२च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्यांच्या चमूने आईचं मूत्रपिंड मुलाला बसवलं, जिवंत नातेवाइकाकडून केलेलं पहिलं प्रत्यारोपण. तो मुलगा तीनेक आठवडेच जगला, पण वाट दिसली. घरी मात्र हे दैवत बायकामुलांना सोडून गेलं. आई पियानोवादक. पोरगा आईच्या पियानोवर वाढला.

दुसरं, जे लिहिताना मला जड जातं. बेर्जे आणि गाल यांची मुलगी पोलीन, जन्म १९७८. तिला सिस्टिक फायब्रोसिस होता. जनुकातल्या दोषामुळे शरीरातला चिकट स्राव इतका घट्ट होतो की फुप्फुसाच्या नळ्या तुंबतात, स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. घामात मीठ जास्त. कित्येकदा आईलाच पापा घेताना खारट लागतं आणि तिथून निदान सुरू होतं. ही गोष्ट त्यांनी जगापासून लपवून ठेवली. म्हणजे ऐंशीच्या दशकात ही बाई हजारो लोकांसमोर उड्या मारत गात होती आणि घरी लेकीची छाती थोपटून कफ काढत होती. 'रेझिस्त', म्हणजे 'झुंज दे', हे १९८१चं गाणं मी ते कळल्यानंतर ऐकलं. वेगळंच ऐकू आलं.

२ ऑगस्ट १९९२ला दक्षिण फ्रान्समधल्या रामाट्युएलला टेनिस खेळून आल्यावर बेर्जे हृदयविकाराने गेला, ४४ वर्षांचा. दोघांच्या नावाने निघालेला पहिला अल्बम दोनच महिन्यांपूर्वी आला होता. पुढच्या वर्षी हिला स्तनाचा कर्करोग. उपचार घेतले आणि सप्टेंबर १९९३मध्ये पॅरिसमधल्या बेर्सीच्या त्या अवाढव्य सभागृहात उभी राहिली. दोघांनी करायचा कार्यक्रम एकटीने केला. डिसेंबर १९९७ला पोलीन गेली, एकोणीस वर्षांची. त्यानंतर तिने गाणं जवळजवळ थांबवलं.

खलबत्ता

शोकेसवाला शब्द मागे घेतो.

तळ्यात_मळ्यात

धाग्यावर पहिल्यांदाच विनोद सुचत नाहीये.

माडाच्या_झावळ्या

आफ्रिकेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मी कामानिमित्त सेनेगलच्या राजधानीत, डाकारला, तीन वर्षं होतो. किनाऱ्यासमोर न्गोर नावाचं पिटुकलं बेट आहे. होडीने पाच मिनिटं, गाड्या नाहीत, गल्ल्यांत बोकडं आणि बोगनवेल. थेट आपल्या वेंगुर्ल्याकडची आठवण यावी. तिथे तिचं घर होतं. होडीवाल्याला 'फ्रान्स गाल' म्हटलं की न विचारता हात करून दाखवायचा. मासे घेताना घासाघीस करायची म्हणे.

'बाबाकार' हे १९८७चं गाणं तिथलंच. सेनेगलमध्ये एका आईने आपलं तान्हं बाळ हिच्यापुढे धरलं, घेऊन जा म्हणाली. बाबाकार हे त्या बाळाचं नाव. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि त्याने गाणं केलं. म्हणून म्हणतो, शब्द त्याचे असतील, पाहिलेलं तिचं होतं. त्याच नावाच्या अल्बममध्ये 'एव्हिदामाँ' आहे, त्यांचा मित्र दानिएल बालाव्वान १९८६च्या जानेवारीत पॅरिस-डाकार रॅलीच्या वेळी हेलिकॉप्टर पडून गेला, त्याच्या आठवणीत. आणि त्यातच 'एला, एल ला'.

आल्याचा_चहा

बस. ताई, 'एला, एल ला' घ्या. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डला केलेला मुजरा. तिच्यात ती एक चीज आहे, जी शिकवून येत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात पहिल्या क्रमांकावर गेलेलं. एका बाईने दुसरीच्या आवाजाला केलेला सलाम, मुलीने म्हणायला याहून चांगलं काय?

मुकी_अक्षरं

@आल्याचा_चहा, आणि व्याकरणाचा धडाही! 'एल' म्हणजे ती, 'ल' म्हणजे 'ते', 'आ' म्हणजे 'आहे' (तिच्याकडे). तिन्ही जोडून 'एल ला', म्हणजे 'तिच्यात ते आहे'. पोरं परीक्षेत हे सर्वनाम क्रियापदाच्या नंतर टाकतात आणि मार्क घालवतात. गाणं पाठ झालं की जन्मात चुकणार नाहीत.

ठरलं. आणि सगळ्यांचं वाचून माझं मत हललंय हे कबूल करते. पूर्ण नाही. रेडिओकाका म्हणतात तो विश्वासाचा मुद्दा मला सोडवत नाही. पण 'कायम' हा शब्द मी उगाच वापरला. दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाहीये. सांगू का तिला?

तिरफळ

नको. पालक तक्रार करतील.

लियॉंची_आजी

सांग. तुला कोणी सांगितलं नाही त्याचा राग वीस वर्षं धरून आहेस ना? तपशील नको, एवढंच सांग की त्यात मोठ्यांची एक घाणेरडी थट्टा लपली आहे आणि ती गाणारीलाही माहीत नव्हती. चौदा वर्षांच्या मुलींना आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं.

स्टेथो_आणि_सतार

आजींना अनुमोदन. आधी आईशी बोलून घ्या, म्हणजे झालं.

मुकी_अक्षरं

मंडळी, धागा वर काढतेय. परवा गॅदरिंग झालं.

आईशी बोलून मग मुलीला सांगितलं, आजींच्या शब्दांत. ती गप्प बसली. मग विचारलं, "मॅम, मग त्यांना शेवटी कोणी सांगितलं?" मी म्हटलं, उशिरा कळलं. तर म्हणाली, "आणि तरी त्या गात राहिल्या?" मी म्हटलं, दुसरं काहीतरी. डबा संपवून वर्गात गेली.

'एला, एल ला' बसवलं. दुसऱ्या कडव्याला स्पीकर घर्र करून बंद पडला. माझा जीव खालीवर. ही पोरगी थांबली नाही, पायाने ठेका धरला, मागच्या चौघींनी टाळ्या दिल्या आणि संगीताशिवाय शेवटपर्यंत नेलं. घामाने पावडर ओघळलेली, पण 'र' एकदम खणखणीत.

पहिल्या रांगेत तिचे आजोबा होते. नंतर मला भेटून म्हणाले, "बाई, आलाप फार सुंदर घेतला हो पोरीने. ला ला ला, एकदम स्वच्छ. फक्त शब्द कधी सुरू होतात याची वाट बघत बसलो, तोवर संपलंच."

आल्याचा_चहा

आजोबांना साष्टांग दंडवत!!

लियॉंची_आजी

मादामना वाचून दाखवलं, खाणाखुणांनी. खूप हसल्या. मुलीला तिळाची वडी पाठवते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

वायरमन_बापू

स्पीकरला अर्थिंग होतं का?